हौसेची म्युझिक सिस्टीम आणि तिचा हिशोब

हौसेला मोल नसते असे आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेत २०२३ साली झालेल्या एका लिलावाने मात्र हौसेचे मोल आकड्यात सांगितले. व्हर्जिनिया राज्यातील केन फ्रिट्झ या गृहस्थांनी कित्येक वर्षे खपून घरातच गाणे ऐकण्यासाठी १,६५० चौरस फुटांचे दालन उभे केले. दहा फूट उंचीचे तीन स्पीकर स्वतः बनविले. रेकॉर्ड फिरविणारे यंत्रही स्वतःच घडविले, त्याचे वजन सुमारे १,५०० पौंड, म्हणजे पावणेसात क्विंटल! एकूण खर्च दहा लाख डॉलरच्या घरात गेल्याचे सांगतात. २०२२ साली ते वारले. पुढच्या वर्षी सारी सिस्टीम सुटी करून विकली गेली, तेव्हा १ लाख ५६ हजार ८०० डॉलर आले. रुपयाचे सोळा पैसेही पुरते हाती लागले नाहीत.

हा हिशोब इटियाडोहच्या परिसरात मांडण्याचे कारण आहे. गाढवी नदीवरील या धरणाचे काम १९७० साली पूर्ण झाले. त्याच्या कालव्यांवर अर्जुनी मोरगावपासून वडसा, आरमोरीपर्यंत धान पिकतो. धान विकला की हाती पैसा येतो आणि त्याच दिवसांत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्रभर चालणाऱ्या नाटकांनी या भागातील माणसाचा कान तयार केला आहे. घरात चांगला आवाज असावा असे त्याला वाटले तर नवल नाही. प्रश्न एवढाच, की त्याने तयार खोका विकत आणावा, की गावातील मेकॅनिक आणि सुतार यांच्याकडून सिस्टीम बांधून घ्यावी? आमचे मत बांधून घेण्याच्या बाजूचे आहे. मात्र बांधलेल्या वस्तूला पुन्हा विकताना किंमत येत नाही, हे फ्रिट्झसाहेबांच्या लिलावाने दाखविले आहे. म्हणून पैसा कुठे घालायचा ते आधी ठरवावे लागते.

गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते तो वॅटचा. इथेच फसगत होते. खोक्यावर ‘५०० वॅट’ छापलेले असते, पण मागे लावायचा अडॅप्टर १२ व्होल्ट ५ अँपिअरचा असतो. बारा पंचे साठ. जिथे आत साठ वॅटच जातात तिथे बाहेर सतत पाचशे कुठून येणार? आपल्या मेकॅनिक मंडळींनीही या बाबतीत साधे राहू नये असे नाही. वर्षानुवर्षे ज्या ४४४० नंबरच्या आयसीवर गावोगावी डेक असेंबल झाले, तिची ताकद १३.२ व्होल्टवर दर बाजूस ६ वॅट, आणि दोन्ही बाजू जोडल्या तर १९ वॅट. गिऱ्हाइकाला सांगितले जाई भलतेच!

खरे म्हणजे घरात वॅट लागतातच किती? चांगला स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ९० डेसिबलच्या आसपास आवाज देतो. बैठकीच्या खोलीत रोजचे ऐकणे एकदोन वॅटमध्ये भागते. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, तो कानाला जेमतेम कळतो. आवाज दुप्पट वाटावा यासाठी दहापट वॅट लागतात. म्हणून ८५ डेसिबलऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर निवडला तर चौपट ताकदीचा अँप्लिफायर घेतल्याचे काम फुकटात होते. स्पीकरच्या पाठीवरचा किंवा माहितीपत्रकातला हा आकडा आधी वाचावा. आणि कडेला फोम असलेला स्पीकर टाळावा, कारण दमट हवेत काही वर्षांत त्याचा भुगा होतो. कापडी किंवा रबरी कड बरी.

आता खोका. पैसा इथे घालावा, आणि तो गावातच राहतो. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ती ओढतो. दोन्ही लाटा एकमेकींना भेटल्या की खालचा, ढोलकीच्या घुमाराचा आवाज मरतो. मागची लाट कोंडणे हे खोक्याचे काम. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली पूर्ण बंद, छोट्या खोक्यातून दमदार खालचा आवाज काढून दाखविला. पुढे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी कोणत्या स्पीकरला किती लिटरचा खोका हवा याचे गणितच बसविले. हे गणित आज मोबाइलवरही करता येते. ते करून कागदावर माप द्यावे. चूल-भिंत जोखणारा आपला सुतार ते मिलिमीटरला उतरवितो.

या भागात सागवानाचा मोह होतो. पण भरीव लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि सांधा उघडतो. साधा एमडीएफ पाणी लागले की फुलतो. त्यापेक्षा १८ मिलिमीटरचे वॉटरप्रूफ प्लायवूड घ्यावे, आत आडवी पट्टी मारावी, सांधे गोंदाने भरावेत आणि पोकळीत कापूस सैल घालावा. सागवान हवेच असेल तर बाहेरून पातळ पापुद्रा चिकटवावा.

खोलीला मात्र कोणी मोजत नाही. कौलारू घर, मातीच्या भिंती आणि एखादी गादी असेल तर आवाज आपोआप सुधारतो. स्लॅब आणि फरशीच्या रिकाम्या खोलीत तोच स्पीकर किंचाळतो. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नयेत. बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतीभिंतीत अडकून घुमतो. पारख करायला गाण्यापेक्षा आकाशवाणीवरील निवेदकाचा आवाज लावावा. माणूस समोर बसून बोलल्यासारखा वाटला तर काम जमले.

विजेचे काय? उन्हाळी धानासाठी पंप सुरू झाले की व्होल्टेज पडते. ट्रान्सफॉर्मर वायंडिंग करून घेतानाच जाड तारेचा आणि थोडा मोठा घ्यावा. नव्या डी-क्लास जातीचे अँप्लिफायर २४ व्होल्टच्या बॅटरीवरही उत्तम चालतात, तो मार्ग सोलर असलेल्या घरांना सोयीचा.

हा धंदा म्हणून करू पाहणाऱ्या तरुणांना दोन गोष्टी माहीत असाव्यात. केंद्रीय आदेशाने इलेक्ट्रॉनिक म्युझिक सिस्टीमला मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची केली आहे; तेव्हा छाप मारून माल विकायचा तर आधी चौकशी करावी. दुसरे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. घरात बसून ऐकणाऱ्याला ती जड नाही, अंगणात खोके मांडणाऱ्याला आहे.

स्वस्त तयार मालाशी किमतीत झुंजण्यात अर्थ नाही. पुण्याच्या कॅडेन्स कंपनीने इलेक्ट्रोस्टॅटिक पद्धतीचे स्पीकर बनवून परदेशातील दर्दी गिऱ्हाईक मिळविले ते कारागिरीच्या जोरावर. गावच्या मेकॅनिकजवळ त्याहून साधी पण पक्की बाजू आहे: तयार खोका बिघडला की भंगारात जातो, त्याने बांधलेला उघडता येतो. म्हणून माल देताना मागच्या फळीच्या आतून सर्किटचा कागद, आयसीचे नंबर, स्पीकरचे ओहम आणि तारीख लिहून चिकटवावी. दहा वर्षांनी खोका उघडणारा मेकॅनिक कदाचित दुसराच असेल.