जावास्क्रिप्टमधील अक्षर-पुनरावृत्तीचा शोध आणि मराठी अक्षर

प्रस्तावना :
दिलेल्या अक्षरमालिकेत, म्हणजेच स्ट्रिंगमध्ये, कोणती अक्षरे पुन्हा आली आहेत ते शोधणे हा संगणकशास्त्राच्या वर्गातील नित्याचा प्रात्यक्षिक प्रश्न होय. जावास्क्रिप्टमध्ये तो मोजक्या ओळींत सुटतो. मात्र तीच आज्ञावली मराठी शब्दांवर चालविली असता उत्तर चुकते, आणि कोणतीही त्रुटी दर्शविली जात नसल्याने ही चूक सहसा लक्षात येत नाही. तिचे कारण व उपाय स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शोधाची रीत :
प्रत्येक अक्षराची इतर सर्व अक्षरांशी तुलना केल्यास १००० अक्षरांसाठी ४,९९,५०० तुलना कराव्या लागतात. त्याऐवजी २०१५ च्या आवृत्तीपासून भाषेत समाविष्ट झालेला 'मॅप' नोंदवहीसारखा वापरावा. अक्षराची नोंद आधी असल्यास संख्या एकाने वाढवावी, नसल्यास एक लिहावी. त्यामुळे संपूर्ण मालिका एकाच फेरीत तपासून होते. ज्यांची संख्या एकाहून अधिक, ती पुनरावृत्त अक्षरे होत.

मराठीतील अडचण :
'काकी' या शब्दात आपण का आणि की अशी दोन भिन्न अक्षरे वाचतो, पुनरावृत्ती नाही. जावास्क्रिप्ट मात्र क, काना, क आणि दुसरी वेलांटी अशी चार चिन्हे मोजते व 'क' दोनदा आल्याचे सांगते. युनिकोडमध्ये व्यंजन आणि स्वरचिन्ह यांना स्वतंत्र संकेतांक आहेत, हे यामागील कारण होय. 'फॉर-ऑफ' या आवर्तनानेही संकेतांकच सुटे मिळतात, म्हणून त्याने हा प्रश्न सुटत नाही.

उपाय :
मोजणीपूर्वी 'इंटल.सेगमेंटर' या सुविधेने मालिकेचे वाचकास दिसणाऱ्या अक्षरांत विभाजन करावे. त्यानंतर 'काकी'मध्ये दोनच अक्षरे मिळतात. जोडाक्षरांबाबत मात्र दक्षता आवश्यक आहे. युनिकोडच्या जुन्या नियमानुसार 'क्ष'चे क् आणि ष असे दोन भाग पडत. २०२३ च्या १५.१ आवृत्तीतील नियमाने तो अखंड राहतो. त्यामुळे जुन्या व नव्या ब्राउझरमधील उत्तरे भिन्न येऊ शकतात.

निष्कर्ष :
आज्ञावली बिनचूक चालली म्हणजे उत्तर बरोबर आले, असे नव्हे. 'अक्षर' म्हणजे काय, हे मोजणीपूर्वीच ठरवावे लागते. प्रात्यक्षिकात इंग्रजी शब्दांसोबत 'काकी'सारखा एखादा मराठी शब्द दिल्यास विद्यार्थ्यांना हा भेद स्वतःच्या भाषेतूनच उमगेल.