विद्यार्थी-व्हिसा
परदेशातील विद्यापीठात शिकण्यासाठी त्या देशाने दिलेली सशर्त प्रवेशानुमती. अमरावती जिल्ह्यातील पापळचे पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) १९२० मध्ये शिक्षणार्थ ब्रिटनला गेले, तेव्हा ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांच्यावर असे निर्बंध नव्हते. राष्ट्रकुलीय नागरिकांवरील प्रवेशनियंत्रण ब्रिटनने १९६२ च्या कायद्याने आणले. आज अमरावती-अकोल्याहून अमेरिकेस जाणाऱ्या विद्यार्थ्याने व्हिसा व वास्तव्याचा दर्जा यांतील भेद जाणणे आवश्यक असते. व्हिसा हे प्रवेशाचे साधन होय. तेथे राहत असता त्याची मुदत संपली, तरी दर्जा टिकू शकतो. उलट, पूर्ण वेळ अभ्यासक्रम पूर्वानुमतीविना कमी केल्यास किंवा अनधिकृत नोकरी केल्यास व्हिसा मुदतीत असूनही दर्जा जातो. म्हणून एखादा विषय सोडण्यापूर्वीच विद्यापीठातील परदेशी विद्यार्थी कार्यालयाची संमती घ्यावी लागते; पत्ता बदलल्यास १० दिवसांत कळवावे लागते.