चांदबिबीचा गणवेश कोणता?

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशी तालमींचीच नावे मिरवितात. तेथे संघाचा रंग म्हणजे पेठेचा अभिमान! हाच धागा धरून नगर जिल्ह्यातील शाळांनी इतिहासातील संघांची एक काल्पनिक स्पर्धा योजावी. बहामनी राज्य फुटून निर्माण झालेल्या पाच शाह्या हे पाच संघ. त्यांचे गणवेश मुलांनी रेखाटावेत. १४९० साली स्वतंत्र झालेल्या निजामशाहीला अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला बोधचिन्ह म्हणून शोभेल.

परंतु खरी कसोटी खेळाडू निवडताना लागेल. चांदबिबी ही निजामशाहीची कन्या आणि विजापूरच्या आदिलशाहीची सून. १५९५ साली मोगलांचा वेढा पडला तेव्हा तिने लढविला तो मात्र माहेरचा किल्ला. तिला कोणता सदरा द्यावा? अखेरपर्यंत निजामशाही सावरू पाहणारे शहाजीराजे १६३६ नंतर आदिलशाहीचे सरदार झाले. ती शाही त्यांच्यापूर्वी तोलून धरणारा मलिक अंबर तर हबसाणातून आलेला!

इतिहास एकाच रंगात रंगविण्याचा हट्ट आज वाढत आहे. अशा वेळी गणवेश रंगविताना मुलांना हे प्रश्न पडले, तरी स्पर्धेचे सार्थक झाले असे म्हणता येईल. शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.