हात आवरण्याचे कौशल्य

दुधाला विरजण लावून भांडे झाकून ठेवले की गृहिणीचे काम संपले, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु दूध किती कोमट असावे, विरजण किती घालावे, भांडे कितपत स्वच्छ आहे, हे सारे तिने आधीच पाहिलेले असते. फ्रान्सच्या बोजोले भागातील मोर्गाँच्या टेकड्यांवर द्राक्षांचे मद्य करणाऱ्या एका कुटुंबाची कथा काहीशी अशीच आहे.

मार्सेल लापिएर यांनी १९७३ साली वडिलोपार्जित द्राक्षमळा हाती घेतला. तणनाशके, रासायनिक खते, रस हमखास आंबावा म्हणून बाहेरून आणलेले किण्व आणि मद्य टिकावे म्हणून गंधकवायूची मात्रा, ही त्या काळी प्रगतीची लक्षणे समजली जात. पण स्वतःचेच मद्य लापिएर यांना रुचेनासे झाले. पुढे १९८१च्या सुमारास त्यांची जूल शोवे या वयोवृद्ध मद्यव्यापाऱ्याशी गाठ पडली. मौज अशी की शोवे स्वतः रसायनशास्त्राचे जाणकार होते, आणि रसायने दूर कशी ठेवावीत हे तेच शिकवीत. रस आंबवणारे किण्व मळ्यात आणि द्राक्षांच्या सालीवर मुळातच असते. माती निरोगी ठेवली तर ते पुरेसे होते, असे त्यांचे म्हणणे होते.

हे ऐकण्यास सोपे असले तरी आचरण्यास कठीण आहे. गंधकवायू मद्य बिघडवणाऱ्या जंतूंना आवर घालतो. तो वर्ज्य केला की त्याचे काम माणसाच्या डोळ्यांना आणि हातांना करावे लागते. गामे जातीची द्राक्षे हाताने तोडून त्यांतील कुजका मणी न् मणी वेगळा काढावा लागतो. मग अखंड घड न चिरडता टाकीत भरतात. तेथे कर्बद्विप्राणिल वायू हवेची जागा घेतो आणि आंबण्याची क्रिया मण्याच्या आतच सुरू होते. टाकी थंड राखावी लागते आणि रसावर सतत नजर ठेवावी लागते. एवढे करूनही जंतूंनी उचल खाल्ली तर मद्याचा शिरका होतो. मोठ्या कारखान्यास तो तोटा सोसवेल; वर्षाकाठी एकच पीक घेणाऱ्या कुटुंबाच्या मात्र वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडते.

म्हणूनच या घराण्याने तत्त्वाचा हट्ट धरला नाही. त्यांचे काही मद्य गंधकाविना, तर काही अल्प मात्रा घालून बाटलीबंद होते. युरोपीय संघाने २०१२ साली सेंद्रिय मद्याचे नियम केले. त्यांतही गंधकवायूवर सरसकट बंदी नाही. कोरड्या तांबड्या मद्यात लिटरमागे १५० मिलिग्रॅमची सर्वसाधारण मर्यादा सेंद्रिय मद्यासाठी १०० मिलिग्रॅमवर आणली आहे.

लापिएर २०१० साली निवर्तले. मळा त्यांच्या पत्नीने व मुलांनी पुढे चालवला. कमी ढवळाढवळ करणे म्हणजे कमी काम करणे नव्हे, हे त्या घरातील प्रत्येकास सुगीच्या दिवसांत दरवर्षी नव्याने कळत असले पाहिजे.