दमा : उपचारांची पायरी कोठे चुकते?

मृगाचा पाऊस लागला की कोकणातील चिऱ्याच्या आणि मातीच्या घरांना ओल येते, गाद्यागोधड्यांना कुबट वास सुटतो आणि ज्यांच्या छातीत मूळचाच दमा आहे त्यांची धाप वाढू लागते. बुरशी आणि घरातील धुळीतले सूक्ष्म कीटक दमट हवेत फोफावतात. त्यात सर्दीखोकल्याची भर पडते. मंडणगडपासून राजापूरपर्यंत कोणत्याही गावातील रुग्ण अशा वेळी जवळच्या दवाखान्यात जातो. एक इंजेक्शन, चार दिवसांच्या गोळ्या, क्वचित यंत्रातून औषधाची वाफ, एवढ्यावर त्याला आराम पडतो आणि तो कामाला लागतो. पुढील झटका येईपर्यंत दमा हा विषय त्या घरापुरता संपलेला असतो.

हा व्यवहार रुग्णाला परवडतो, कारण खर्च तुकड्यातुकड्याने आणि नड असेल तेव्हाच होतो. डॉक्टरलाही त्यात वावगे दिसत नाही, कारण रुग्ण समाधानाने परततो. समाजाला मात्र तो अतिशय महाग पडत आहे. जागतिक रोगभाराच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक आहे. धूर, धूळ आणि दारिद्र्य ही कारणे नेहमी पुढे केली जातात व ती खोटी नाहीत. परंतु हवा दूषित असेल तर रुग्णसंख्या वाढावी. रुग्णांच्या मानाने मृत्यूंचा वाटा तिपटीहून अधिक का असावा? ज्यांचे निदानच झालेले नाही असे रुग्ण गणतीतून निसटत असतील, हा खुलासा काही अंशी मान्य करता येईल. पण मग तोही आरोग्यव्यवस्थेचाच दोष ठरतो.

निदान टळण्याचे एक कारण सामाजिक आहे. ‘दमा’ हा शब्द घरात उच्चारला जात नाही, विशेषतः मुलगी लग्नाची असेल तर. मग ‘छातीत कफ आहे’, ‘अ‍ॅलर्जी आहे’, ‘बाळदमा होता, गेला’ अशी सौम्य नावे योजली जातात. डॉक्टरही रुग्णाचे मन राखतात. दुसरे कारण असे की, ज्या तपासणीवर लोकांचा विश्वास आहे तो छातीचा एक्स-रे दम्यात बहुधा निर्दोष येतो. दम्याची खूण वेगळी आहे. श्वास बाहेर टाकण्याचा वेग कमी होतो आणि तो स्थिर राहत नाही. सकाळी एक, सायंकाळी दुसरा, औषधानंतर तिसरा. स्पायरोमीटरवर फुंकर मारल्यानंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाने १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलीटरने वाढली, तर प्रौढ रुग्णात निदानाला भक्कम आधार मिळतो. स्पायरोमीटर नसेल तेथे पीक फ्लो मीटर नावाची साधी नळी चालते. तिला वीज लागत नाही, ती काही शे रुपयांत मिळते आणि दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ घेतलेल्या नोंदींतून रोगाचे चढउतार समोर येतात. रक्तदाब मोजल्याविना त्यावरची गोळी देणे आज कोणत्याही डॉक्टरला अप्रशस्त वाटेल. श्वास मात्र न मोजताच वर्षानुवर्षे औषधे दिली जातात.

जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतील राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्था यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये ‘जीना’ या नावाने ओळखला जाणारा जागतिक उपक्रम सुरू झाला आणि १९९५ मध्ये त्याचा पहिला अहवाल निघाला. त्यातील उपचारांची रचना पायऱ्यांची आहे. कमी त्रासाला कमी औषध, तेवढ्याने भागले नाही तर वरची पायरी. पाचव्या पायरीवर तज्ज्ञांकडे रवानगी होते आणि मोठ्या मात्रा किंवा महागडी जैविक औषधे येतात. वर चढण्यापूर्वी रुग्ण पंप नीट ओढतो की नाही, औषध नियमित घेतो की नाही आणि घरातील चूल किंवा विडी सुटली की नाही, हे पाहावयाचे असते. दोन-तीन महिने आराम टिकला, तर सावकाश खाली उतरावयाचे. ‘एकदा पंप लागला की जन्माची सवय लागते’ ही समजूत या उतरत्या पायऱ्या कोणी न सांगितल्यामुळेच टिकून आहे.

२०१९ मध्ये या मार्गदर्शनाने एक मोठा पालट केला. साल्ब्युटामॉलसारखे तात्काळ आराम देणारे औषध एकटे देऊ नये, असे प्रौढ व किशोरवयीन रुग्णांबाबत सांगण्यात आले. त्या औषधाने आवळलेली नळी सैल होते, पण आतली सूज तशीच राहते. आराम वाटतो म्हणून रुग्ण निर्धास्त होतो आणि सूज वाढत जाते. ब्रिटनमध्ये २०१४ साली दम्याच्या मृत्यूंची जी तपासणी प्रसिद्ध झाली, तीत आराम देणाऱ्या पंपांची संख्या ज्यांच्याबाबत ठाऊक होती, अशा मृतांपैकी ३९ टक्क्यांना अखेरच्या वर्षात बाराहून अधिक पंप लिहून दिलेले आढळले. यास्तव पहिल्याच पायरीवर सूज उतरवणारे स्टिरॉइड श्वासावाटे, अल्प मात्रेत, फॉर्मोटेरॉलच्या जोडीने द्यावे, असे आता सुचविले जाते. ते न परवडल्यास साल्ब्युटामॉल घेताना प्रत्येक वेळी स्टिरॉइडचा पंपही घ्यावा.

‘स्टिरॉइड’ म्हटले की आपल्याकडे लोक दचकतात. गंमत अशी की, झटक्याच्या वेळी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत तेच असते आणि त्याबद्दल कोणी विचारीत नाही. प्रेडनिसोलोनच्या ४० मिलिग्रॅमच्या एका दिवसाच्या मात्रेसमोर श्वासावाटे घ्यावयाच्या ब्युडेसोनाइडची दिवसाची अल्प मात्रा २०० ते ४०० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे वजनाने शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी. दोन्ही औषधांची तीव्रता भिन्न असल्याने ही तुलना काटेकोर नव्हे. तथापि एकीकडे औषध साऱ्या शरीरात भिनते, दुसरीकडे ते मुख्यतः फुप्फुसात उतरते. अशा गोळ्यांचे आयुष्यात चार-पाच कोर्स झाले तरी मधुमेह, मोतीबिंदू आणि हाडांचा ठिसूळपणा यांचा धोका वाढतो.

प्रश्न म्हणूनच पैशांइतकाच पैशाच्या वेळेचा आहे. आज धाप लागलेली नसताना उद्याच्या धापेसाठी दरमहा खर्च करावयाचा, हे हातावर पोट असलेल्या कुटुंबाला पटणे कठीण. रत्नागिरी जिल्ह्यात तर २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कमावता माणूस मुंबईत आणि चुलीपुढे बसणारी बाई गावी, ही येथील जुनी घडी. तिच्या खोकल्यावर मनीऑर्डरीतून खर्च होई तो शेवटीच, आणि पैसे बँकेत जमा होऊ लागले म्हणून हा क्रम बदलला असे मानण्याचे कारण नाही. जो खर्च व्यक्तीला अवाजवी वाटतो पण समाजाला फायद्याचा असतो, तो सरकारने उचलावा, हे अर्थशास्त्रातील प्राथमिक सूत्र येथे तंतोतंत लागू पडते.

फिनलंडने ते १९९४ ते २००४ या दहा वर्षांत करून दाखविले. लवकर निदान, सुरुवातीपासून सूज उतरवणारे औषध आणि परिचारिका व औषधविक्रेते यांना प्रशिक्षण, एवढाच त्या कार्यक्रमाचा गाभा होता. रुग्णांची नोंद वाढली, परंतु रुग्णालयातील मुक्कामाचे दिवस १९९३ मधील सुमारे १,१०,००० वरून २००३ मध्ये ५१,००० वर आले आणि दर रुग्णामागील वार्षिक खर्च सुमारे ३६ टक्क्यांनी घटला. फिनलंड श्रीमंत आहे हे खरे. पण त्याने जे वापरले त्यात श्रीमंतीचे फारसे काही नव्हते.

आपल्याकडे पैशाचा ओघ उलट दिशेने आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांचा भार उचलते. ज्या पंपामुळे दाखल होण्याची वेळच येऊ नये, त्याला ती शिवत नाही. ब्युडेसोनाइड व फॉर्मोटेरॉल यांचे संयुक्त औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही २०२३ पासून दम्याचा समावेश झाला आहे आणि घरोघर जाणाऱ्या आशाताईच्या नमुन्यात धाप व खोकला यांविषयी प्रश्न छापलेले आहेत. उत्तर ‘होय’ आले की पुढे काय, येथे खरी अडचण आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात पीक फ्लो मीटर आणि स्टिरॉइडचा पंप, दोन्ही बाराही महिने हवेत. रक्तदाबाच्या गोळीसारखे, महिन्याच्या हिशेबाने.

पंप ओढण्याची रीत शिकवणे हे त्यापुढचे काम, आणि ते परिचारिकेला पाच मिनिटांत जमते. मुलांना व वृद्धांना फवारा आणि श्वास यांचा मेळ साधत नाही. त्यांच्यासाठी मध्ये एक पोकळ डबी लागते. तिचाही खर्च नको असेल, तर दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवून दिले आहे की, अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंप बसेल एवढे भोक पाडून तो घट्ट बसविला, तर दम्याच्या मुलांना विकतच्या डबीइतकाच गुण येतो.