पहिली सर, ओला घाट आणि लहान मोटार

सातारा-सांगलीत बर्फ पडत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या हिवाळी पहाटे दवबिंदू गोठतात, त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात आणि ऊन वर आले की ते विरघळून जातात. हिमाशी या भागाचा संबंध एवढाच. बर्फाळ देशांत मोसमातील पहिला हिमवर्षाव हा वाहनचालकाच्या परीक्षेचा दिवस मानला जातो. कृष्णाकाठी ती परीक्षा पहिला पाऊस घेतो. या परीक्षेला बहुसंख्य मध्यमवर्गीय कुटुंबे लहान मोटारीतून, चार-पाच माणसे आणि सामान घेऊन, बहुधा सुटीच्या दिवशी आणि बहुधा घाटातच सामोरी जातात.

पहिल्याच दिवशी धोका अधिक का, याचा शोध अमेरिकेत घेतला गेला आहे. १९७५ ते २००० या काळातील अपघातांच्या नोंदी तपासून डॅनियल आयझेनबर्ग आणि केनेथ वॉर्नर यांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोसमातील पहिल्या हिमवर्षावाचा दिवस नंतरच्या अशा दिवसांपेक्षा प्राणघातक अपघातांच्या दृष्टीने कितीतरी अधिक धोक्याचा असतो, असे त्यात आढळले. त्याआधी, २००४ मध्ये, आयझेनबर्ग यांनी पावसाविषयीही असाच निष्कर्ष मांडला होता. मागच्या पावसाला जितके अधिक दिवस उलटलेले असतील, तितका नवा पाऊस घातक ठरतो. तेथे हे अंतर दिवसांत मोजले गेले. सातारा-सांगलीत अवकाळी सरी वगळल्या, तर परतीच्या पावसापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत ते महिन्यांत मोजावे लागते.

रस्ता निसरडा का होतो?

कोरड्या महिन्यांत डांबरावर बरेच काही साचते. वाहनांतून ठिबकलेले तेल, टायर झिजून पडलेली रबराची बारीक भुकटी, धूळ आणि माती यांचा थर खडीच्या फटींत बसतो. घाटांतील वळणांवर त्यात डिझेलची भर पडते, कारण काठोकाठ भरलेल्या टाकीतून चढावर आणि वळणावर डिझेल सांडते. कोरड्या रस्त्यावर हा थर फारसा जाणवत नाही. पहिल्या शिडकाव्याने मात्र त्याचा चिकट, तेलकट लेप तयार होतो. पाणी कमी आणि मळ जास्त, अशी ही अवस्था असते. पाऊस जोरात आणि सलग पडला, की हा लेप वाहून जातो व तोच रस्ता ओला असूनही पुष्कळ बरा होतो. म्हणूनच मुसळधार पावसाला घाबरणाऱ्या चालकाने भुरभुरीला अधिक घाबरले पाहिजे.

दोन जिल्हे, दोन तऱ्हा

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माणदेशात तो जेमतेम पाचशेच्या आसपास असतो. एकाच जिल्ह्यातील या तफावतीमुळे पहिल्या पावसाची तऱ्हाही बदलते. पश्चिमेकडील पसरणी, केळघर, आंबेनळी आणि कुंभार्ली या घाटांत मोसमी पावसाची सुरुवात अनेकदा धुके आणि झिमझिम सरींनी होते. एवढ्या पाण्याने रस्ता धुतला जात नाही, नुसता भिजतो. साहजिकच निसरडेपणा तासभर नव्हे, कधी कधी दिवसभर टिकतो. कडेची तांबडी माती आणि झाडांखाली चिरडलेली जांभळे त्यात भर घालतात.

सांगली, मिरज, तासगाव, विटा या पट्ट्यात पहिली सलामी बहुधा वळवाची असते. दुपारी ऊन तापते, सायंकाळी वारा सुटतो आणि विजांसह, कधी गारांसह, पाऊस कोसळतो. तो तेलकट लेप लवकर धुऊन नेतो. पण शेतांतून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते. ही माती भिजली की साबणासारखी होते. रस्ता सपाट आणि सरळ असल्याने वेगही जास्त असतो. गारांचा थर पडलेला रस्ता तर काही मिनिटे बर्फाच्या रस्त्यासारखाच वागतो.

शिवाय पहिल्या पावसाचे वेळापत्रक पंचांगावर बेतता येत नाही. मोसमी पाऊस केरळात साधारणपणे १ जूनला येतो. २०२५ मध्ये तो २४ मे रोजी आला आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. त्या वर्षी टायर, वायपर यांची कामे ‘जून लागल्यावर’ म्हणून ठेवलेल्यांना पावसाने आधीच गाठले.

थांबण्याचे गणित

मोटार अखेर रस्त्याला धरून असते ती चार टायरच्या तळाएवढ्या जागेवर. कोरड्या डांबरावरील घर्षणांक साधारण ०.७ धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर तो ०.४ झाला, की ३५ मीटर लागतात. तेलकट रस्त्यावर ०.३ पर्यंत उतरला, तर ४७ मीटर. दाबलेल्या बर्फावर ०.२ धरला, तर ७० मीटर. म्हणजे पहिल्या सरीचा रस्ता कोरड्या रस्त्यापेक्षा बर्फाच्या बराच जवळ जातो. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो आणि तेवढ्यात मोटार आणखी १७ ते २५ मीटर पुढे गेलेली असते. उतारावर हे अंतर आणखी वाढते.

यावरचा उपायही याच गणितात आहे. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग ६० वरून ४० वर आणला, तर तेलकट रस्त्यावर ४७ ऐवजी २१ मीटर पुरतात. प्रवासात पाच-दहा मिनिटे जास्त जातात आणि धोका निम्म्याहून कमी जागेत आटोक्यात येतो.

लहान मोटारीचे बलाबल

मारुती ८०० ही मोटार डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. सुमारे साडेसहाशे किलो वजन आणि बारा इंची अरुंद चाके या तिच्या घडणीचा वारसा नंतरच्या अनेक लहान मोटारींनी चालवला. हलकी मोटार निसरड्या रस्त्यावर जास्त घसरते, हा समज मात्र पूर्ण खरा नाही. वजन कमी असले, की थोपवायचा जोरही कमी असतो. पाणी साचलेल्या रस्त्यावर तर अरुंद टायर रुंद टायरपेक्षा सहज पाणी कापतो.

खरा प्रश्न टायरमधील हवेचा आणि नक्षीचा आहे. वेगात जाणाऱ्या टायरखालून पाणी बाहेर पडू शकले नाही, तर टायर त्यावर तरंगू लागतो व ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निकामी होतात. विमानांच्या चाकांचा अभ्यास करताना नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात याचे सूत्र मांडले. त्यानुसार ३० पौंड हवा असलेला टायर पुरेशा साचलेल्या पाण्यावर ताशी सुमारे ९० किलोमीटरला तरंगू लागतो. हवा २० पौंडांवर उतरली, तर ७५ च्या आतच. टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी, असा नियम आहे. खाचांच्या तळाशी असलेल्या उंचवट्यांपर्यंत टायर झिजला, की ही मर्यादा संपली. पावसाळ्यासाठी त्याआधीच टायर बदलणे शहाणपणाचे.

एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना, ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. त्याआधीच्या कित्येक लहान मोटारींत ती नाही. अशा मोटारीत ब्रेक जोरात दाबला, की चाके फिरायची थांबतात आणि मोटार स्टिअरिंगला न जुमानता सरळ घसरत जाते. तेथे ब्रेक थोडा सोडून पुन्हा हलके दाबणे, हाच मार्ग. एबीएस असल्यास ब्रेक घट्ट दाबून ठेवावा. पायाला जाणवणारी थरथर हे यंत्रणा काम करीत असल्याचे लक्षण असते. मात्र ही यंत्रणा घर्षण निर्माण करीत नाही, आहे ते वापरते.

घाट उतरताना

वाई ते पाचगणी या जेमतेम बारा-तेरा किलोमीटरांत रस्ता पाचशे मीटरांहून अधिक चढतो. परतताना तेवढेच उतरायचे असते आणि खरी कसोटी तेव्हाच लागते. ज्या गिअरमध्ये घाट चढला, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक ओल्या घाटात अक्षरशः पाळावा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच मोटारीला आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून घाट उतरण्याची सवय मात्र जिवावर बेतणारी आहे. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी शक्तीची जोड दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे कठीण होते.

वेग वळणाच्या आधी, मोटार सरळ असतानाच कमी करावा. वळणात ब्रेक, गिअरबदल आणि स्टिअरिंगचा झटका टाळावा. बहुतेक लहान मोटारींत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना जाते. ही चाके घसरली, की मोटार वळायचे सोडून सरळ जाऊ लागते. घाबरून स्टिअरिंग आणखी फिरवण्याने काही साधत नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढावा, स्टिअरिंग किंचित सैल करावे. चाकांना पकड मिळाली, की मोटार पुन्हा वळू लागते. मागची बाजू घसरली, तर ती ज्या बाजूला जात असेल त्याच बाजूला स्टिअरिंग हलके वळवावे. पुढच्या वाहनापासून कोरड्या रस्त्यावर दोन सेकंदांचे अंतर पुरत असेल, तर येथे चार सेकंदांचे हवे.

काच आणि ओढे

उन्हाळ्याने वायपरचे रबर कडक झालेले असते. पहिल्याच सरीत ते काचेवरची धूळ पुसण्याऐवजी सारवते. काच आतून धूसर झाली, तर वातानुकूलन सुरू करून हवा काचेवर सोडावी. ती सोय नसल्यास खिडक्या थोड्या उघडाव्यात. यवतेश्वरवरून कासकडे जाताना किंवा पाचगणीच्या वर धुके दाटले, तर दिवे खाली झुकवलेले ठेवावेत. प्रखर झोत धुक्यावरून परतून चालकाच्याच डोळ्यांत येतो.

सांगलीच्या पूर्वभागात आणि माणदेशात धोका वेगळा आहे. अग्रणी, येरळा, माणगंगा यांचे कोरडे ओढे वळवाने अचानक वाहू लागतात आणि फरशी पुलांवरून पाणी जाते. लहान मोटारीचा तळ चार-साडेचार चौरस मीटरांचा असतो. तळाच्या वर प्रत्येक दहा सेंटीमीटर पाणी चढले, की ते मोटारीला चारशे किलोंहून अधिक बळाने उचलू पाहते. आठशे किलोंची मोटार गुडघाभर पाण्यातही का वाहून जाते, याचे उत्तर या हिशेबात आहे. पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे. साध्या डबक्यातून गेल्यावरही ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून वाळवावेत.

पहिल्या पावसावरचा सर्वांत स्वस्त उपाय मात्र मोटारीत नाही. सर सुरू झाली, की घाटाच्या पायथ्याशी, रस्त्यापासून दूर मोटार उभी करून एक चहा घ्यावा. जोराचा पाऊस असेल, तर तेवढ्या वेळात रस्ता बराचसा धुतला जातो. झिमझिम असेल, तर पुढचा घाट दुसऱ्या गिअरमध्येच पार करायचा आहे, याची मनाशी खूणगाठ तरी बांधता येते.