दूरस्थ प्रवेश, परवलीच्या शब्दाविना

एका संगणकावरून जाळ्याद्वारे दुसऱ्या संगणकात प्रवेश करताना परवलीचा शब्द न पाठविता, गुप्तलेखनातील किल्ल्यांच्या जोडीने वापरणाऱ्याची ओळख पटविण्याची पद्धती. बरेचसे सर्व्हर लिनक्स प्रणालीवर चालतात, तर त्यांची देखभाल करणाऱ्यांच्या मेजावर पुष्कळदा विंडोज प्रणाली असते. त्यामुळे या दोहोंमधील प्रवेशासाठी ही पद्धती विशेष उपयुक्त ठरली आहे.

इतिहास : टेलनेट या जुन्या पद्धतीत परवलीचा शब्द जाळ्यावरून उघड स्वरूपात जात असे. आरलॉगिन या पद्धतीत ठराविक संगणकांना परवलीच्या शब्दाविना प्रवेश मिळे. परंतु ही ओळख संगणकाच्या पत्त्यावर अवलंबून असल्याने तोतयेगिरी शक्य होती. हेलसिंकी तंत्रविद्या विद्यापीठाच्या जाळ्यातून परवलीचे शब्द चोरले गेल्यावर तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये ‘सिक्युअर शेल’ अथवा ‘एसएसएच’ ही पद्धती तयार केली. ओपनएसएसएच हा तिचा मुक्त आविष्कार १९९९ मध्ये प्रसृत झाला. विंडोजवर दीर्घकाळ सायमन टॅटम यांचा ‘पुटी’ हा कार्यक्रम वापरला जाई. २०१८ पासून विंडोज १० मध्येच ओपनएसएसएच अंतर्भूत झाले.

तत्त्व : जोडीतील खाजगी किल्ली वापरणाऱ्याच्या संगणकावरच राहते, तर सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर नोंदविली जाते. प्रवेशाच्या वेळी वापरणाऱ्याचा संगणक त्या विशिष्ट जोडणीची खूण असलेल्या मजकुरावर खाजगी किल्लीने अंकीय स्वाक्षरी करतो व सर्व्हर सार्वजनिक किल्लीने ती पडताळतो. खूण प्रत्येक जोडणीस निराळी असल्याने एकदा हस्तगत केलेली स्वाक्षरी पुन्हा उपयोगी पडत नाही. गुपित स्वतः प्रवास करीत नाही, केवळ ते जवळ असल्याचा पुरावा प्रवास करतो, हे या पद्धतीचे मर्म होय.

कार्यपद्धती : विंडोजवर ‘एसएसएच-कीजेन’ ही आज्ञा दिली असता दोन्ही किल्ल्यांच्या फाइली तयार होतात. ‘ईडी२५५१९’ हा किल्लीचा प्रकार सध्या सामान्यतः पसंत केला जातो. सार्वजनिक किल्लीची ओळ लिनक्सवरील स्वतःच्या खात्यातील ‘.एसएसएच’ या फोल्डरमध्ये ‘ऑथराइज्ड_कीज’ या फाइलीत जोडावी लागते. यासाठी लिनक्सवर प्रचलित असलेली ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ ही आज्ञा विंडोजमधील संचात नसल्याने परवलीच्या शब्दाने एकदा प्रवेश करून हे काम हाताने केले जाते. ओळ मध्ये तुटल्यास, अथवा फोल्डर किंवा फाइलीत लिहिण्याचा अधिकार इतरांनाही राहिल्यास, सर्व्हर किल्ली नाकारतो व कारण न सांगता परवलीचा शब्द मागतो. म्हणून फोल्डरला ७०० व फाइलीस ६०० असे अधिकारांक देण्याची प्रथा आहे. पुटीची खाजगी किल्ली वेगळ्या स्वरूपात साठविली जात असल्याने ती ओपनएसएसएचसाठी रूपांतरित करून घ्यावी लागते.

सुरक्षितता : परवलीचा शब्द नसणे म्हणजे संरक्षण नसणे नव्हे, मात्र संरक्षणाचा सर्व भार खाजगी किल्लीवर येतो. ती चोरीस गेल्यास चोरास मूळ मालकाप्रमाणेच प्रवेश मिळतो. याकरिता किल्लीच्या फाइलीस स्वतंत्र सांकेतिक वाक्याचे कुलूप घालतात. ‘एसएसएच-एजंट’ हा कार्यक्रम उघडलेली किल्ली सांभाळीत असल्याने ते वाक्य वारंवार द्यावे लागत नाही. किल्लीची निर्मितीही निर्दोष असावी लागते. डेबियन या लिनक्स वितरणात २००६ मध्ये झालेल्या एका बदलामुळे यादृच्छिक संख्यांची निर्मिती दुबळी होऊन, ठराविक प्रकारच्या व लांबीच्या संभाव्य किल्ल्या सुमारे ३२ हजारच उरल्या. मे २००८ मध्ये हा दोष उघड झाल्यावर अशा किल्ल्या सर्वत्र रद्द कराव्या लागल्या. ज्या सर्व्हरवर त्या नोंदविलेल्या होत्या, ते स्वतः डेबियनचे नसले तरी धोक्यात होते.

सर्व्हरचीही ओळख पटणे तितकेच आवश्यक असते. पहिल्या जोडणीच्या वेळी दाखविला जाणारा सर्व्हरच्या किल्लीचा ठसा अन्य विश्वसनीय मार्गाने पडताळून मगच स्वीकारावा. किल्लीने प्रवेश मिळत असल्याची खात्री झाल्यावर सर्व्हरवर परवलीच्या शब्दाचा प्रवेश बंद केल्यास, शब्द ओळखण्याचे अखंड चालणारे यांत्रिक प्रयत्न निष्फळ ठरतात. संगणक हरविल्यास किंवा कर्मचारी सेवा सोडून गेल्यास संबंधित ओळ काढून टाकणे पुरते. त्यासाठी प्रत्येक व्यक्तीची व प्रत्येक संगणकाची किल्ली वेगळी असणे इष्ट होय.